कुळागर गहाण टाकून देवावर मास्टर्स करावं का?

पत्र थोडक्यात असं: वाचक मुलगी २७ वर्षांची, फोंडा तालुक्यातली. केमिस्ट्रीत बीएस्सी, वेर्ण्याला एका औषध कंपनीच्या क्यूसी (दर्जा तपासणीच्या) लॅबमध्ये पाच वर्षं नोकरी. आजोबा गावच्या देवळात पुराण सांगायचे, ही लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून ऐकायची. आजोबा गेले आणि देवाबद्दलचे प्रश्न डोक्यातून जाईनात, म्हणून ऑनलाइन लेक्चर्स ऐकायला लागली, अ‍ॅन्सेल्म आणि अक्वायनस हे मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत वाचायला लागली. आता ब्रिटनमधल्या एका युनिव्हर्सिटीकडून फिलॉसॉफिकल थिऑलॉजीच्या एक वर्षाच्या मास्टर्सची ऑफर आलीय, स्कॉलरशिप नाही. वडील म्हणतात कुळागर, म्हणजे घरची सुपारी-नारळाची बाग, गहाण टाकू, पण पुढे काय होणार ते मला नीट सांग. आत्या विचारते, "तूं आतां मादर जातली काय कितें?" म्हणजे नन होणार की काय. सासष्टीतली मैत्रीण म्हणते हे पाद्र्यांचं शिक्षण, तुझं काय काम तिथे. मधेच एक स्थळही आलंय. हे वेड आहे का, देवावर धड विश्वास नसताना हा विषय शिकता येतो का, आणि घरी काय सांगू, असे तिचे तीन प्रश्न. डिपॉझिट भरायला महिनाभर आहे.

बाय,

उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. हे वेड नाही. पण या वर्षी, या पैशांत, ही ऑफर घेऊ नकोस. विषय सोड असं मी अजिबात म्हणत नाहीये, पत्रावरून तर वाटतं की तुला यात खरंच गती आहे, पण तुझ्या मनात दोन गोष्टींचा असा गुंता झालाय की तो सोडवल्याशिवाय कुळागराचे कागद घेऊन बँकेत जाणं मला काही पटत नाही. एक तुझा प्रश्न, म्हणजे देव आहे की नाही, आणि असला तर आजोबा ज्याच्यापुढे बसायचे तोच का. दुसरी ही पदवी. तू लिहिलंयस, "एकदा नीट शिकले की निदान कळेल तरी." माझं भांडण याच वाक्याशी आहे.

बाकीच्या वाचकांसाठी आधी हा विषय काय ते सांगते. धर्म देवाबद्दल जे जे म्हणतो, तो सर्वज्ञ आहे, सर्वशक्तिमान आहे, दयाळू आहे, प्रार्थना ऐकतो, ते सगळं तर्काच्या टेबलावर घ्यायचं आणि बघायचं की ते एकमेकांशी जुळतं का. मी उद्या काय करणार हे देवाला आजच माहीत असेल तर मी ते माझ्या मर्जीने करते असं म्हणता येईल का? तो दयाळू असेल तर लहान मुलांना कॅन्सर का होतो? त्याचं ठरलेलंच असेल तर नवस बोलून काय बदलतं? रिलिजियस स्टडीज हे वेगळं, तिथे धर्माकडे समाज आणि इतिहास म्हणून बाहेरून बघतात. इथे विधान खरं की खोटं, सुसंगत की विसंगत, यावर डोकं फोडायचं असतं. युरोपात हा विषय ख्रिस्ती वातावरणात वाढला त्यामुळे त्रैक्य (एकाच देवात तीन व्यक्ती), अवतार, पापक्षालन हे सगळं सिलॅबसमध्ये असतंच, तुझ्या ऑफरच्या कोर्सची मॉड्यूल्स उघडून बघ, वेदान्त किंवा न्यायदर्शन कुठे दिसतं का, बहुतेक दिसणार नाही. मग वर्षभर तू दुसऱ्याच्या घरातले प्रश्न सोडवशील. ते वाईट नाही हं, पण ते ठाऊक असून जावं.

आता विश्वासाचं. तू धरूनच चाललीयस की हा विषय म्हणजे विश्वास असलेल्यांनी विश्वास असलेल्यांसाठी केलेली वकिली, त्यामुळे अर्धवट विश्वासवाल्यांना तिथे जागा नाही. मग जरा इतिहास बघ. अ‍ॅन्सेल्म, जो पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला, त्याने १०७७-७८च्या सुमारास तो प्रसिद्ध युक्तिवाद लिहिला, की ज्याच्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही ते नुसतं मनात असून भागणार नाही, कारण मग त्याहून मोठं, म्हणजे खरोखर असलेलं, कल्पिता येईल. यावर पहिला हल्ला कोणी केला तर गॉनिलो नावाच्या एका मठातल्या साधूने. तो म्हणाला, याच हिशोबाने सगळ्यात उत्तम बेटही कुठेतरी असलंच पाहिजे मग! आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस, ज्याला कॅथलिक चर्च आपल्या सर्वांत मोठ्या विचारवंतांत धरतं, त्याने पण अ‍ॅन्सेल्मचा युक्तिवाद नाकारला आणि देवापर्यंत जायच्या आपल्या पाच वाटा वेगळ्या मांडल्या. म्हणजे पुरावा खोडणारे दोघेही रोज प्रार्थना करणारे.

आपल्याकडे तर याहून मजा. उदयनाचार्य, दहाव्या-अकराव्या शतकातले नैयायिक, म्हणजे न्याय या तर्कावर भर देणाऱ्या दर्शनाचे पंडित, न्यायकुसुमांजलीत म्हणतात की पृथ्वी वगैरे हे सगळं कार्य आहे, आणि कार्य आहे म्हणजे कर्ता हवाच, घटाला कुंभार लागतो तसा. एवढं ऐकून आजोबांचे श्रोते मान डोलावतील. पण त्यांच्या नंतरचे रामानुजाचार्य, ज्यांच्या भक्तीबद्दल कोणी ब्र काढणार नाही, ते श्रीभाष्यात ब्रह्मसूत्रांतल्या तिसऱ्याच सूत्रावर, शास्त्रयोनित्वात् वर लिहिताना, हे अनुमान पार उलटंपालटं करतात. कर्ता हवा, ठीक आहे, पण एकच कशावरून? मोठ्या कामाला अनेक हात लागतात ना? आणि आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता शरीरवाला असतो, मग जगाच्या कर्त्याला पण शरीर मानणार का? त्यांचं म्हणणं असं की ईश्वर कळतो तो शास्त्रातूनच, अनुमानाने तिथे पोचता येत नाही. आता यानंतर कित्येक शतकांनी डेव्हिड ह्यूमचे धर्मावरचे संवाद त्याच्या मरणानंतर १७७९ साली छापले गेले, त्यात तो जवळपास हेच विचारतो, की घर नाहीतर जहाज बांधायला पुष्कळ माणसं लागतात, मग जगाला कर्ता एकच का. एकच शंका, ती श्रीरंगमच्या आचार्यांनी देवाची महती राखायला विचारली आणि स्कॉटलंडच्या संशयवाद्याने देवाबद्दलचा आत्मविश्वास उतरवायला विचारली. शंकेला तुझं श्रद्धेचं कार्ड तपासायची गरज पडत नाही, तर युनिव्हर्सिटीला तरी का पडेल? सरकारी किंवा सेक्युलर युनिव्हर्सिटीत तुला कोणी विचारणारही नाही. सेमिनारमध्ये बघतात ते एवढंच की समोरच्याची बाजू तू त्याच्याहून चांगली मांडू शकतेस का, आणि मग तिच्यातली फट दाखवू शकतेस का.

म्हणून तुझा प्रश्न मी बदलून देते. माझा विश्वास आहे का हे सोड, हे काम मला आवडतं का ते विचार. हे काम म्हणजे एका परिच्छेदावर चार दिवस बसणं, एकाच शब्दाचे तीन अर्थ वेगळे करणं, लायब्ररीत एकट्याने, आणि आठवड्याच्या शेवटी हातात "हा युक्तिवाद या एका ठिकाणी अडतो" इतकंच. काही लोकांना यात जे सुख मिळतं ते इतर कशात मिळत नाही. काहींना मोठमोठे प्रश्न ऐकायला आवडतात, लेक्चर ऐकताना अंगावर काटा येतो, पण हे बारीक काम सुरू झालं की महिन्याभरात कंटाळा. तू कुठली हे तुला अजून ठाऊक नाही, कारण आत्तापर्यंत तू ऐकलंयस आणि वाचलंयस, लिहिलेलं काहीच नाहीये. थिबोने केलेलं श्रीभाष्याचं इंग्रजी भाषांतर १९०४चं आहे, नेटवर फुकट मिळतं. त्या एका सूत्रावरची पानं घे, समोर अक्वायनसच्या पाच वाटांपैकी एक ठेव, आणि चार हजार शब्द लिही, की रामानुजाचार्यांचा आक्षेप त्या वाटेला लागू पडतो का. शिफ्ट सांभाळून तीन महिने लागतील. तीन महिन्यांनी तुला माझ्या सल्ल्याची गरज उरणार नाही, तुझं तुलाच कळेल. वर फायदा म्हणजे पुढे कुठेही अर्ज करताना जो रायटिंग सॅम्पल मागतात तो तयार.

आता आजोबा. राग मानू नकोस, पण तुझ्या पत्रात युक्तिवाद कमी आणि आजोबा जास्त आहेत. तू लिहिलंयस की ते गेल्यापासून विष्णुसहस्रनाम सुरू करतेस आणि मधेच थांबतेस, पुढचं येत असून म्हणवत नाही. हे मला तर्कातली अडचण वाटत नाही गो. आणि समज तुला ईश्वराच्या अस्तित्वाचा बिनतोड पुरावा मिळाला, उद्या, प्रोफेसरने फळ्यावर लिहून दिला, तर पुढचं नाव तोंडातून येईल का? मला शंका आहे. परदेशात जानेवारीत दुपारी चारला काळोख होतो, खोलीत एकटी, आणि त्या आठवड्याचं वाचन म्हणजे जगात दुःख का आहे यावरचे सहा पेपर, ते सुद्धा देव दुःख होऊ देतो त्याला कारणं असू शकतात याची थंड डोक्याने केलेली मोजदाद. शोक ताजा असताना ते वाचणं जड जातं, आणि सोबत वडिलांनी काढलेलं कर्ज. शोकासाठी घरातली माणसं, हवं तर एखादी कौन्सेलर, आणि थोडा वेळ. विषय तोवर कुठे पळून जात नाही.

आत्याला तू पत्रात फार सहज हसण्यावारी नेलंस. तिचा प्रश्न अडाणीपणाचा वाटतो तुला, पण तो आला कुठून ते बघ. तुमची म्हाळसा आज म्हार्दोळला आहे, मूळची ती वेर्ण्याची, तू रोज बसने जाऊन जिथे हजेरीचं कार्ड पंच करतेस त्याच गावची. मंगेश कुठ्ठाळीहून १५६०मध्ये प्रियोळला आला. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळं पाडली गेली आणि लोक आपले देव घेऊन जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात आले, कारण तो भाग तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. तर अशा घरात पोरगी "थिऑलॉजी" म्हणाली की आत्याच्या पोटात गोळा येणार नाही तर काय होणार. तिला समजावताना "तुला काय कळतं" हा सूर नको.

आणि मैत्रिणीचं, की हे पाद्र्यांचं शिक्षण. गोव्यात ते अर्धं खरं आहे. रायतूरची सेमिनारी १६१०ची, तिथे तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजी शिकवतात ते पाद्री व्हायला निघालेल्या मुलांना, तिथे तुला प्रवेश नाहीच. पण याच रायतूरला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठीत, ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि त्यात ऐकणारे लोक पाद्रीला प्रश्न विचारतात आणि तो उत्तरं देतो, थेट पुराणिकाच्या पद्धतीने. देवाबद्दल मराठीत वाद घालायची जागा गोव्यात चारशे वर्षांपासून आहे, जरी ती ज्या काळात उघडली तो काळ आपल्यासाठी वाईट होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि तुझ्यासारख्या अभ्यासकाला त्या दोन्ही धरून बसता आलं पाहिजे. शिवाय ख्रिस्ती बाजू जाऊ दे, काणकोणला पर्तगाळ मठ द्वैताचा आणि फोंड्याला लागून कवळे मठ अद्वैताचा, जीव आणि ब्रह्म एक की वेगळे हा वाद आपल्याकडे अक्षरशः दोन तालुक्यांत वाटलेला आहे. त्यावर आजच्या तत्त्वज्ञानाच्या भाषेत लिहिणारी माणसं किती आहेत? मला तरी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच दिसतात. तुझ्या जागेवरून हे जितकं नीट दिसेल तितकं ब्रिटनमधून दिसणार नाही.

पैशांकडे येऊया, इथे मी जरा कडक बोलणार आहे. फी, राहणं, व्हिसा, विमान सगळं धरून एका वर्षाचे ३५ लाख तरी धर. १०.५ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता बसतो साधारण ४७ हजार रुपये महिना. आता दुसरा आकडा. परत येऊन इथे पीएचडी करायची ठरवलीस, नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळवलीस, जी मिळवणं मुळीच सोपं नाही, तर स्टायपेंड महिना ३७ हजार, वर घरभाडं. म्हणजे या वाटेवरची जी चांगल्यातली चांगली सुरुवात, तिच्यात तुझा हप्ताही निघत नाही. वडिलांनी "पुढे काय होणार" विचारलं ते कंजूषपणाने विचारलेलं नाही.

शिवाय कुळागर. ते आजोबांच्याच नावावर राहिलंय का अजून? तसं असेल तर बँक आधी वारसा पक्का करून मागेल, म्हणजे इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (वारस आणि वाटणी ठरवण्याची कोर्टातली प्रक्रिया), आणि गोव्याच्या कायद्यात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. ज्या आत्याला तू हसतेस तिची सही लागणार आहे! आई-वडिलांचं लग्न गोव्यातल्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे मालमत्ता नवराबायकोची सामाईक धरून, नोंदलेलं असेल तर आईचीही संमती लागेल. महिन्याभरात हे होणारच नाही, आणि झालं तरी एका पोरीच्या शिक्षणासाठी भावाबहिणीत जमिनीचा विषय निघाला की तो तिथेच थांबत नाही, हे तुला मी सांगायला नको.

कोणीतरी हेही सुचवेल की आजोबांचा पोर्तुगीज काळातला जन्मदाखला काढ, पोर्तुगीज पासपोर्ट करून घे, फी कमी होईल. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यापासून तिथल्या फीला त्याचा उपयोग नाही, बेल्जियम-जर्मनीकडे होईल. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, भारतीय पासपोर्ट जातो आणि त्यासोबत इथल्या सरकारी नोकरीची आशाही. एका मास्टर्ससाठी हा सौदा मी तरी करणार नाही.

नोकरीचं चित्र असं. गोव्यात तत्त्वज्ञान शिकवणारी कॉलेजं थोडी, जागा त्याहून थोड्या, सुरुवात बहुतेकांची लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासावर पैसे घेऊन होते आणि काहींची वर्षानुवर्षं तिथेच अडकते. कायम जागेसाठी नेट किंवा पीएचडी, आणि सरकारी कॉलेजात कोकणीचं ज्ञान आवश्यक, तो भाग तुला जड नाही. अडचण दुसरीच आहे. तुझ्याकडे बीएस्सी केमिस्ट्री आणि वर नुसतं थिऑलॉजीचं मास्टर्स असेल, तर तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी "संबंधित विषय" कोणता यावर प्रत्येक इंटरव्ह्यूत कागद दाखवत बसावं लागेल. ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सना मान्यता मिळणं २०२२च्या दोन देशांतल्या करारानंतर सोपं झालंय, पण मान्यता एक आणि विषय जुळणं दुसरं.

म्हणून माझी पसंती अशी की आधी इथे एमए फिलॉसॉफी. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात ते होतं, प्रवेश परीक्षा देऊन, पण पूर्णवेळ, नोकरी सोडावी लागेल. नाहीतर इग्नूचं एमए फिलॉसॉफी, कुठल्याही शाखेच्या पदवीवर प्रवेश, नोकरी चालू ठेवून, फी तुझ्या एका महिन्याच्या पगारातून निघेल. इग्नूत वर्गातली वादावादी मिळत नाही हा त्याचा मोठा तोटा आहे, एकटीने वाचायची सवय तुला आहे पण कोणीतरी तोंडावर "हे चूक" म्हणणारं लागतं, ते तुला विद्यापीठातल्या जाहीर व्याख्यानांतून, कोणा शिक्षकाला मेल टाकून भेटून, स्वतः जमवावं लागेल. एमएला ५५ टक्के आले की नेटचा दरवाजा उघडतो, तत्त्वज्ञानात देता येते, तुलनात्मक धर्म अभ्यास हाही नेटचा वेगळा विषय आहे. जेआरएफला वयाची अट ३०, पण मुलींना ५ वर्षांची सूट आहे, तेव्हा तुझ्याकडे वेळ आहे. पुस्तकांसाठी पाटोवरची सेंट्रल लायब्ररी आणि पर्वरीचं झेवियर सेंटर हे इतिहास संशोधन केंद्र, दोन्ही तुझ्या आवाक्यात.

ख्रिस्ती थिऑलॉजी आतून शिकायची ओढ असेल तर पुण्यात ज्ञानदीप आहे, जेझुइटांचं, तिथे पाद्री नसलेलेही शिकतात. पण पोंटिफिकल, म्हणजे पोपच्या मान्यतेच्या पदव्यांची शिडी वेगळी असते, थिऑलॉजीतल्या वरच्या पदवीसाठी खालची थिऑलॉजीतलीच लागते, आणि ती पदवी यूजीसीच्या चौकटीत कशी मोजली जाईल हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यायचं. हे सेरामपूर विद्यापीठाच्या थिऑलॉजीच्या पदव्यांचा विचार करणाऱ्या वाचकांनाही लागू. तोंडी "होतं सगळं" वर विसंबू नका.

आणि मग परदेश, पण दुसऱ्याच्या पैशांवर. शेवनिंग या ब्रिटिश सरकारच्या स्कॉलरशिपला दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो, तो तुझ्या लॅबने तुला दिलाय, फक्त नंतर दोन वर्षं देशात परतावं लागतं, आणि त्यांना नेतृत्व वगैरे ऐकायचं असतं त्यामुळे देवाचा विषय त्यांच्या गळी उतरवणं हे एक वेगळंच कौशल्य. ऑक्सफर्डला क्लॅरेंडन स्कॉलरशिप आहे, भारतीयांसाठी फेलिक्स आहे. अमेरिकेत येल डिव्हिनिटी स्कूलने २०२२मध्ये जाहीर केलं की आर्थिक गरज सिद्ध होणाऱ्या विद्यार्थ्यांची पूर्ण ट्यूशन फी स्कॉलरशिपमधून भागवणार. आणि तिथल्या चांगल्या युनिव्हर्सिट्यांत पीएचडीला बहुधा फी माफ आणि वर स्टायपेंड असतो, म्हणजे सगळ्यात महाग टप्पा हा मास्टर्सचाच, आणि तोच तू कर्जाने करायला निघालीयस. गोवा सरकारच्या स्कॉलर्स योजनेची आणि बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची यंदाची अटी-तारखांची माहितीही पर्वरीला जाऊन घे, फोनवर नको.

या सगळ्यांना तुझ्याकडून एक गोष्ट हवी असते जी इतर अर्जदारांकडे नसते, आणि ती म्हणजे भाषा. धर्मानंद कोसंबी बघ, जन्म १८७६, सांकवाळचे, तुझ्या कंपनीपासून हाकेच्या अंतरावर. कुठल्या युनिव्हर्सिटीची पदवी नाही, बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा या एका ध्यासाने घर सोडलं, पुणे, काशी, नेपाळ, सिलोन असं करत संस्कृत आणि पाली शिकले, आणि १९१०मध्ये त्यांना हार्वर्डने बोलावलं, कारण विसुद्धिमग्ग या पाली बौद्ध ग्रंथाचं अर्धवट राहिलेलं काम करू शकेल असा पालीचा माणूस त्यांना हवा होता. आपल्याकडे ही गोष्ट इथेच संपवतात. पण ते निघाले तेव्हा घरी बायको आणि लहान मुलगी होती, त्या दोघींनी ती वर्षं कशी काढली यावर कोणी भाषण देत नाही. ध्यास असावा, त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडू नये. तर संस्कृत तुझं दहावीपर्यंतचं आहे, ते पुन्हा काढ, न्यायाचे ग्रंथ मुळातून वाचता येतील इतपत. युरोपची बाजू धरायची असेल तर लॅटिन नाहीतर जर्मन सुरू कर, एकच, दोन्ही नको.

थांबण्याचीही किंमत आहे, ती लपवत नाही. ऑफर पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. तिशी आली की घरचा दबाव वाढतो, आणि ध्यास विझूही शकतो, शिफ्ट करून आल्यावर उदयनाचार्य उघडायला मन लागतं. विझलाच तर निदान कुळागर जागेवर असेल. आणि याच महिन्यात युनिव्हर्सिटीने स्कॉलरशिप देऊ केली, खर्चाचा बराचसा भाग उचलला, तर माझं सगळं ऐकू नकोस, सरळ जा.

घरी सांगताना "मला शोधायचंय" वगैरे नको, वडिलांना तारखा कळतात. यंदा इग्नू, दोन वर्षांत एमए, मधे नेट, त्यानंतर स्कॉलरशिपचे अर्ज, कुळागराला हात नाही, एवढं एका कागदावर लिहून दे. आत्यापाशी चवथीच्या गडबडीत हा विषय नको, एखाद्या दुपारी जाऊन बस आणि आजोबा काय सांगायचे ते तिलाच विचार, तुझ्याआधी कितीतरी वर्षं तिने ऐकलंय ते. स्थळाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस म्हणून मीही एकच लिहिते: मुलगा आवडला असेल तर पहिल्याच भेटीत त्याला सांग की अजून पाचसहा वर्षं तू शिकणार आहेस आणि त्यातलं एखादं वर्ष परदेशात जाईल, आणि तो "लग्नानंतर बघू" म्हणाला तर त्याचा अर्थ तुला कळतो.

डिफरलचा, म्हणजे ऑफर पुढे ढकलण्याचा मेल मात्र या आठवड्यातच टाक, डिपॉझिटच्या तारखेची वाट बघू नकोस. त्यात एवढंच विचार: ऑफर एक वर्ष पुढे ढकलता येईल का, त्यासाठी आत्ता काही भरावं लागेल का, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या डिपार्टमेंटच्या स्कॉलरशिपसाठी माझा विचार व्हायला मला नव्याने अर्ज करावा लागेल का. ते पैसे भरूनच डिफर करा म्हणाले तर ते परत मिळतात का हे विचारल्याशिवाय एक रुपया पाठवू नकोस.